किरकोळ भाजणे आणि घरगुती वनौषधी : उपयोग, मर्यादा व सावधगिरी

आपल्या समाजात स्वयंपाकघर हे घरातील पहिले औषधालय मानले गेले आहे. खोकल्यावर आले-मध, मुका मार लागल्यास हळदीचा लेप, पोट दुखल्यास ओवा आणि बोट भाजल्यास अंगणातील कोरफड, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आजीकडून नातीकडे आले. त्यातील बराचसा भाग अनुभवाच्या कसोटीला उतरलेला आहे, आणि अलीकडच्या काळात त्यातील काही उपायांची शास्त्रीय तपासणीही झाली आहे. तथापि भाजण्याच्या बाबतीत योग्य औषध चुकीच्या वेळी लावले गेल्यास त्याचाच अपाय होतो, हे जळीत रुग्णांच्या ड्रेसिंगच्या खोलीत वारंवार दिसून येते. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्या हाती हा अहवाल जात असल्याने या विषयाची सविस्तर माहिती येथे देणे उपयुक्त ठरेल असे वाटते.

एका प्रसंगाने आरंभ करतो. दीड वर्षाच्या एका बालकाने टीपॉयवरील चहाचा कप स्वतःकडे ओढला. गरम चहा छातीवर व उजव्या दंडावर सांडला. घरात त्या वेळी आजीच होत्या. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता तेलात कालवलेली हळद संपूर्ण भागावर लावली, बाळाला शालीत गुंडाळले आणि रिक्षाने रुग्णालय गाठले. आमच्यापुढे आलेल्या बाळाच्या छातीवर हळदीचा घट्ट, पिवळा थर होता. त्याखालची त्वचा लाल आहे की पांढरी, हे कळण्यास मार्ग नव्हता. तो थर काढण्यासाठी बाळाला वेदनाशामक व गुंगीचे औषध द्यावे लागले. त्या वेळी दाराशी उभ्या असलेल्या आजी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारत होत्या, "माझं काही चुकलं का हो, डॉक्टर?" त्या प्रश्नाचे उत्तर घाईत देण्याजोगे नव्हते. प्रस्तुत लेख हे त्याचेच उत्तर समजावे.

भाजल्यावर त्वचेत काय घडते

त्वचेचे मुख्यतः दोन थर असतात. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा आणि खालचा जाड थर म्हणजे अंतस्त्वचा. केसांची मुळे, घर्मग्रंथी, रक्तवाहिन्या व मज्जातंतूंची टोके अंतस्त्वचेत असतात. वरचा थर नष्ट झाला तरी केसांच्या मुळांभोवतीच्या जिवंत पेशींपासून नवी त्वचा उगवू शकते. ही मुळेच नष्ट झाली, तर जखमेला केवळ कडेकडेने भरून यावे लागते. म्हणूनच भाजण्याची खोली हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात भाजलेल्या त्वचेचे तीन विभाग वर्णिले. मध्यभागी पेशी पूर्णपणे मृत झालेल्या असतात. सर्वांत बाहेरच्या भागात केवळ लाली असते आणि तो भाग आपोआप बरा होतो. या दोहोंमधील पट्ट्यात रक्तप्रवाह मंदावलेला असतो. तेथील पेशी जिवंत असतात, पण संकटात असतात. पुढील दोन-तीन दिवसांत हा मधला पट्टा वाचेल की मृत होईल, हे प्रथमोपचार, जंतुसंसर्ग आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण यांवर अवलंबून असते. भाजल्यानंतर घरी जे काही केले जाते, त्याचा परिणाम प्रामुख्याने या मधल्या पट्ट्यावर होतो.

किरकोळ भाजणे कशास म्हणावे

वरवरच्या भाजण्यात त्वचा लाल होते, आग होते, परंतु फोड येत नाहीत. अशी इजा साधारणतः आठवड्याच्या आत, व्रण न राहता बरी होते. त्यापुढच्या प्रकारात फोड येतात, फोडाखालची त्वचा गुलाबी व ओलसर असते आणि वेदना तीव्र असतात. योग्य काळजी घेतल्यास ही जखम सुमारे दोन आठवड्यांत भरून येते. जखम आणखी खोल असल्यास ती फिकट व कोरडी दिसते, वेदना कमी असतात आणि भरून येण्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. अशा जखमेत जाड व्रण येण्याचा व सांधा आखडण्याचा धोका असतो. संपूर्ण त्वचा जळाल्यास ती पांढरी, तपकिरी किंवा काळपट व चामड्यासारखी कडक होते. तेथे टोचले तरी दुखत नाही, कारण मज्जातंतूंची टोकेच जळून गेलेली असतात. "दुखत नाही, म्हणजे फार लागलेले नाही" हा समज त्यामुळे अत्यंत घातक आहे.

विस्तार मोजण्याची सोपी रीत अशी : रुग्णाच्या स्वतःच्या हाताचा पंजा, जुळवलेल्या बोटांसह, म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे एक टक्का भाग. प्रौढ, निरोगी व्यक्तीला त्या पंजाहून लहान जागी, चेहरा, हात, पाय, सांधे व जननेंद्रिये सोडून अन्यत्र, वरवरचे भाजले असेल तरच त्याला किरकोळ समजून घरी उपचार करणे सुरक्षित आहे. पुढील सर्व विवेचन अशा किरकोळ भाजण्यापुरतेच मर्यादित आहे.

पहिले औषध : पाणी

कोणत्याही वनौषधीच्या आधी येते ते साधे पाणी. भाजलेल्या भागावर नळाचे थंड, वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. ज्वाळेचा वा वाफेचा संपर्क संपला तरी त्वचेत साठलेली उष्णता काही काळ आत उतरतच राहते. पाणी ती उष्णता बाहेर काढते, वेदना कमी करते आणि वर सांगितलेल्या मधल्या पट्ट्याला जीवदान देते. तत्काळ पाणी मिळाले नाही, तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत हा उपाय लाभदायक ठरतो.

पाणीटंचाईच्या गावात वीस मिनिटे नळ चालू ठेवणे शक्य नसते, याची आम्हांस जाणीव आहे. अशा वेळी तांब्याने हळूहळू पाणी ओतावे, किंवा स्वच्छ सुती कापड पाण्यात भिजवून भाजलेल्या जागी ठेवावे व ते कोमट होताच बदलावे. बर्फ मात्र कदापि लावू नये. अतिथंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि मंदावलेला रक्तप्रवाह आणखी कमी होतो. लहान मुलांच्या बाबतीत भाजलेला भाग तेवढा थंड करावा व उर्वरित अंग उबदार ठेवावे.

पाणी ओतत असतानाच अंगठ्या, बांगड्या, पैंजण, करदोटा काढून घ्यावा. सूज चढल्यावर हे दागिने कापूनच काढावे लागतात. कपडा त्वचेला चिकटला असल्यास ओढू नये.

प्राचीन ग्रंथांतील विचार

भाजण्याच्या चिकित्सेचा आपल्याकडील विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात दग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. रंग बदलणे, फोड येणे, मांस लोंबणे अशा लक्षणांवरून हे प्रकार ओळखावेत आणि प्रकारानुसार चिकित्सा बदलावी, हा त्यातील मूळ विचार आहे. आधुनिक शल्यचिकित्सेचा पायाही नेमका हाच आहे. चंदन, गेरू, गुळवेल यांसारखी द्रव्ये तुपात मिसळून लेप करण्याचे वर्णनही तेथे आढळते.

त्याच अध्यायात प्लुष्टासाठी, म्हणजे सर्वांत सौम्य भाजण्यासाठी, उष्ण उपचार सांगितला आहे. थंड पाण्याने रक्त गोठते, अशी त्यामागील उपपत्ती आहे. या एका मुद्द्यावर आजच्या निरीक्षणांनी थंड पाण्याच्या बाजूने निर्विवाद कौल दिला आहे. प्राचीन ग्रंथाविषयी पूर्ण आदर बाळगूनही नव्या पुराव्याचा स्वीकार करणे यात विसंगती नाही. प्रत्यक्ष पाहून ज्ञान वाढवावे, हीच सुश्रुतपरंपरेची शिकवण आहे.

कोरफड

घरगुती वनौषधींमध्ये किरकोळ भाजण्यासाठी सर्वाधिक उपयुक्त कोणती, असे विचारल्यास कोरफडीचे नाव प्रथम घ्यावे लागेल. तिच्या गरात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक पाणी असते. उरलेल्या अल्प भागात बहुशर्करा व इतर घटक असतात. गर लावताच थंडावा मिळतो व त्वचा ओलसर राहते. थायलंडमधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात चार अभ्यासांतील ३७१ रुग्णांची माहिती एकत्र केली. कोरफड वापरलेल्या गटात जखम भरण्याचा काळ सरासरीने सुमारे नऊ दिवसांनी कमी आढळला. मात्र निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळ्या स्वरूपातील कोरफड वापरली गेल्याने हा निष्कर्ष सावधपणेच घ्यावा लागतो.

वापरण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. जून, जाड पान बुडापासून कापावे, वाहत्या पाण्यात धुवावे आणि कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवावे. सालीलगतचा पिवळा, कडू चीक गळून जातो. हा चीक त्वचेला खाज आणू शकतो, म्हणून हे करणे आवश्यक आहे. नंतर हात साबणाने धुऊन, स्वच्छ सुरीने साल काढून केवळ पारदर्शक गर घ्यावा व पुन्हा एकदा पाण्याने धुवावा. प्रथम मनगटाच्या आतील निरोगी त्वचेवर थोडा लावून पाहावा. लाली वा खाज न आल्यास, वीस मिनिटे पाण्याने थंड केलेल्या, फोड नसलेल्या, न फाटलेल्या त्वचेवर दिवसातून दोन-तीन वेळा पातळ थर द्यावा. दर वेळी ताजा गर घ्यावा. उघड्या जखमेवर किंवा फुटलेल्या फोडावर घरचा गर लावू नये, कारण तो निर्जंतुक नसतो. बाजारातील हिरव्या रंगाच्या, सुगंधी जेलमध्ये मद्यार्क व सुवासिक द्रव्ये असण्याची शक्यता असते. भाजलेल्या त्वचेसाठी ती योग्य नव्हेत.

मध

मधाच्या उपयोगाबाबत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे कार्य सोलापूर येथे झाले. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ जळीत रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यास ब्रिटिश शल्यचिकित्सा नियतकालिकात प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना मधाची पट्टी व निम्म्यांना त्या काळी सर्वत्र प्रचलित असलेले सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम वापरले गेले. मधाच्या गटात जंतुसंसर्ग लवकर आटोक्यात आला व जखमा लवकर भरल्या. पुढे या विषयावर अनेक अभ्यास झाले. २०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यानेही मध्यम खोलीच्या भाजण्यात मधामुळे जखम नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस आधी भरते, असा निष्कर्ष काढला.

याची कारणे समजण्याजोगी आहेत. मधात साखर इतकी दाट असते की जंतूंना वाढण्यासाठी पाणी उरत नाही. तो आम्लधर्मी असतो. शिवाय त्यातील एका विकरामुळे अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहते.

असे असूनही स्वयंपाकघरातील बरणीतला मध जखमेवर लावू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. साध्या मधात क्वचित काही घातक जंतूंची बीजाणुरूपे असू शकतात. उपचारासाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. तो वैद्यकीय सल्ल्याने वापरावा. एक वर्षाखालील बालकास मध चाटवणे तर कोणत्याही कारणाने टाळावे.

केळीचे पान आणि बटाट्याची साल

जळीत रुग्णाला सर्वांत मोठी भीती असते ती ड्रेसिंग बदलण्याची. साधी गॉझ जखमेला चिकटते, आणि ती काढताना वेदना तर होतातच, शिवाय नुकतीच उगवलेली कोवळी त्वचाही निघून येते. महागड्या, न चिकटणाऱ्या पट्ट्या सर्वसामान्य रुग्णाला परवडत नाहीत. या अडचणीवर मुंबईतील शल्यचिकित्सकांनी शोधलेली उत्तरे आपल्या स्वयंपाकघरातीलच आहेत.

मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातील डॉ. एम. एच. केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वर्णिली. साली गॉझवर बसवून, निर्जंतुक करून जखमेवर ठेवल्या जात. त्यामुळे जखम ओलसर राही आणि पट्टी न चिकटता सुटून येई. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाच्या पट्टीचा अभ्यास करून तो २००३ साली प्रसिद्ध केला. केळीचे पान मोठे, मऊ, मेणचट व पाणी न शोषणारे असते. बटाट्याच्या सालीइतकाच त्याचा उपयोग होतो, आणि ते तयार करणे अधिक सोपे व स्वस्त आहे, असे आढळले.

पान, साल, मध आणि कोरफड या चारही गोष्टींमध्ये समान सूत्र कोणते? जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या, सुकलेल्या जखमेच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने पसरते. जखम उघडी ठेवून "वाळू द्यावी" हा आपल्याकडील समज या प्रयोगाने खोटा ठरवला. उपरोक्त चारही द्रव्ये जखमेला ओलावा देतात वा तो टिकवतात. तथापि रुग्णालयातील पान वा साल ही निर्जंतुक केलेली असते, हे विसरून चालणार नाही. परसातील पान तोडून थेट जखमेवर बांधणे हा या संशोधनाचा अर्थ नव्हे.

हळद, तूप, तेल आणि टूथपेस्ट

हळदीतील कुर्क्युमिन या घटकाचा दाह कमी करण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसून आला आहे. परंतु डब्यातील हळदपूड निर्जंतुक नसते, ती जखमेत रुतते आणि मुख्य म्हणजे रंग झाकते. डॉक्टर भाजलेल्या जागी हलकेच दाबून पाहतात. दाबल्यावर ती जागा पांढरी पडून बोट उचलताच पुन्हा गुलाबी झाली, तर खालचा रक्तप्रवाह शाबूत आहे असे समजते. पिवळ्या थराखाली ही परीक्षा करता येत नाही. निळी शाई, जांभळे औषध, कॉफीपूड यांचाही हाच दोष आहे.

तूप, लोणी व तेल ताज्या भाजण्यावर लावल्यास त्वचेतील उष्णता आत कोंडली जाते. टूथपेस्टमुळे क्षणिक गारवा वाटतो, पण तिच्यातील द्रव्ये नाजूक त्वचेला झोंबतात व तिचा थर काढणे कष्टाचे होते. माती, राख वा शेण यांमुळे धनुर्वातासारखा जीवघेणा आजार होऊ शकतो. खोबरेल तेलाचे स्थान निराळे आहे. जखम पूर्ण भरून आल्यानंतर नवी त्वचा कोरडी पडते व खाजते. त्या वेळी दिवसातून दोन-तीन वेळा हलक्या हाताने खोबरेल लावणे हितकारक असते. आयुर्वेदातील सिद्ध घृते व तैले वापरावयाची झाल्यास ती प्रशिक्षित वैद्याच्या देखरेखीखालीच वापरावीत.

फोड घरी फोडू नयेत. फोडाची त्वचा हे निसर्गाने दिलेले आच्छादन होय.

विनाविलंब रुग्णालय केव्हा गाठावे

पुढीलपैकी एकही गोष्ट लागू असल्यास पाणी ओतून, स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने भाग सैलसर झाकून, काहीही न लावता रुग्णालयात यावे :

१. बालक, वृद्ध, गर्भवती किंवा मधुमेही व्यक्ती भाजली असल्यास. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते. गरम पाण्याच्या शेकाने भाजल्याचे रुग्णाला कळतही नाही.
२. चेहरा, हात, पाय, सांधे वा जननेंद्रिये भाजली असल्यास.
३. भाजलेला भाग रुग्णाच्या पंजाहून मोठा असल्यास, अथवा पांढरा, काळपट वा बधिर असल्यास.
४. वीज, रसायन किंवा फटाका यांमुळे भाजले असल्यास, किंवा बंद खोलीत धूर श्वासात गेला असल्यास.
५. दोन दिवसांनंतर वेदना, सूज, दुर्गंधी वा ताप वाढत असल्यास.
६. दोन आठवड्यांत जखम भरून न आल्यास.

धनुर्वात प्रतिबंधक लस पूर्वी केव्हा घेतली होती, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. घरी काही लावले असल्यास तेही संकोच न बाळगता सांगावे. त्याबद्दल कोणी रागावणार नाही.

समारोप

आरंभी उल्लेखिलेल्या बाळाची छाती दोन आठवड्यांत भरून आली. दंडावरील एक लहानसा भाग मात्र अधिक खोल होता. त्याला अधिक काळ लागला व तेथे व्रण राहिला. पहिल्या वीस मिनिटांत पाणी ओतले असते तर तो भाग निश्चितपणे वाचला असता, असे कोणी सांगू शकणार नाही. वाचण्याची संधी अधिक असती, एवढे मात्र प्रामाणिकपणे म्हणता येते. आजींना आम्ही सांगितले, की आपली माया चुकली नाही, औषधाचा क्रम चुकला. आधी पाणी, मग स्वच्छ कापड, मग डॉक्टरांचा सल्ला, आणि वनौषधी त्यानंतर, तीही किरकोळ इजेपुरती. त्यानंतर पट्टी बदलण्यासाठी दर वेळी आजीच बाळाला घेऊन येत. प्रतीक्षाकक्षातील इतर बायकांना त्या हा क्रम समजावून सांगत असल्याचे आमच्या परिचारिकांनी पाहिले आहे.

आपल्या दानातून येणाऱ्या प्रत्येक पट्टीचे व औषधाचे मोल आम्ही जाणतो. परंतु जी जखम खोल होण्यापूर्वीच रोखली जाते, तिच्यासाठी पट्टीही लागत नाही. हा अहवाल वाचून झाल्यावर वरील चार ओळींचा क्रम एका कागदावर लिहून आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा, आणि घरात काम करणाऱ्या मदतनीस भगिनींनाही तो वाचून दाखवावा, ही सर्व वाचकांना नम्र विनंती.